पांढऱ्या पोत्यांतली दारं

मी शेगडी बोलतेय. हो, हीच, ताडपत्रीखाली उभी असलेली, काचेला तडा गेलेली. इकडेतिकडे बघू नका, ही कपाटं आणि मोडक्या खुर्च्या काही बोलायच्या नाहीत. जुन्या सामानाच्या या वखारीत बोलणारी मी एकटीच. मीही एरवी गप्पच राहिले असते. पण मघाशी तुम्ही माझं झाकण उचलून आत वाकून पाहिलंत, तुमच्यासोबतच्या बाईंनी विचारलं, "चालेल का हो ही अजून?" आणि मला वाटलं, यांना सगळं सांगून टाकावं. मग न्यायचं तर न्या, नाहीतर राहू द्या.

चालेन की! न चालायला काय झालंय मला? फक्त माझ्या पोटात एक कांडी अडकलीय. तिच्याबद्दलच बोलायचंय.

मी जन्मले कारखान्यात. पत्रा कापला, वाकवला, जोडला, वर काळा रंग फासला, झाले मी तयार. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खाणं मात्र समजून घ्या. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या कांड्या मी खाते. दुकानदार त्यांना पेलेट म्हणतात, आमच्या घरी कांड्याच म्हणायचे. वरच्या डब्यात पोतं रिकामं करायचं. आतला लांब स्क्रू सावकाश फिरतो आणि एकेक कांडी खालच्या लोखंडी वाटीत टाकतो. वाटीत जाळ, पुढे काच, मागे धुराडं. वेळच्या वेळी, मोजकं, पण दिवसभर खाणारी बाई आहे मी.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही दुकानात तुम्हाला सांगणार नाहीत. लाकूड जळताना बोलतं. आयुष्यभर जे सोसलं, जे पाहिलं, ते शेवटच्या मिनिटभरात भडाभडा बोलून घेतं. माणसांना नुसती तडतड ऐकू येते. आम्हा शेगड्यांना सगळं कळतं. पाइनच्या कांड्या वाऱ्याबद्दल बोलतात. खोक्यांच्या फळ्यांपासून केलेल्या कांड्या सफरचंदांबद्दल बोलतात, अगदी कंटाळा येईपर्यंत. चांगलं जळण म्हणजे काय, असं मला विचाराल तर मी सांगेन, ज्याच्याजवळ सांगण्यासारखं फारसं काही नाही ते.

आमच्या घरात हे थोडंफार कळणारं एकच माणूस होतं. आजोबा. चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत काढलेली. तिथे त्यांना सगळे 'नाक' म्हणायचे. डोळे बांधून भुशाची चिमूट नाकाशी धरली की झाड कुठलं, ओलं कापलं की वाळवून, सगळं सांगायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी तोरा उतरला नव्हता. नवीन पोतं घरात आलं की पहिली कांडी त्यांच्या हातात गेलीच पाहिजे.

त्याचाही एक सोहळाच असायचा. आधी पेल्यातल्या पाण्यात एक कांडी टाकायची, बुडाली तर बरी, तरंगली तर नापास. मग दुसरी कानाजवळ धरून मोडायची. टच्चकन आवाज आला पाहिजे. मग नाकाशी. मग चक्क जिभेवर. डोळे मिटून, चघळल्यासारखं करून ते निकाल द्यायचे, आणि ती चाखलेली कांडी माझ्याच डब्यात टाकायचे.

सूनबाई चिडायची. "अहो बाबा, उष्टी कांडी कशाला टाकता आत? ओली झाली की फुगते, स्क्रूत अडकते. मागच्या वेळी तासभर खरवडत बसले होते मी."

"एका कांडीनं काय होतंय? चाखलेलं फेकायचं नसतं."

डबा भरण्याआधी बोटांची पेरं माझ्या झाकणावर दोनदा वाजवायचे. टक, टक. "काय गं म्हातारे, भूक लागली?" मी तेव्हा चार वर्षांची होते, म्हणे म्हातारी! पण ती टकटक झाली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

घर लहान होतं. दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या, छोटं अंगण, फाटक. आजोबांचा मुलगा मालवाहू बोटीवर, वर्षातून सहा महिने बाहेर. सूनबाई बेकरीत कामाला. पहाटे चारला जायची, दुपारी परतायची आणि दोन घास खाऊन आडवी व्हायची. आणि त्यांची मुलगी, सहा वर्षांची, सतत गिरक्या घेत फिरणारी, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिच्या छातीत कफ भरायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, या पोरीला थंडी लागू देऊ नका, एकसुद्धा दिवस नाही. म्हणजे ती पोर माझ्या भरवशावर होती आणि मी कांड्यांच्या.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आजोबांना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना त्यांचं नाक आणि जीभ घेऊन गेला. कुणाला कळलं नाही. मला कळलं. भिंगरीचा मोजा माझ्या झाकणावर वाळत पडला होता, तो करपून धूर निघायला लागला, आणि आजोबा हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. सूनबाई आतून धावत आली.

"बाबा, एवढा वास येतोय! लक्ष कुठे होतं तुमचं?"

"अगं, वाचता वाचता डोळा लागला," ते म्हणाले. डोळा लागला नव्हता. मी समोरच होते. ती आत गेल्यावर त्यांनी तो करपलेला मोजा नाकाशी दाबून धरला, पुन्हा पुन्हा, आणि मग त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

सांगून का टाकलं नाही त्यांनी? मी पुष्कळ विचार केला. सूनबाई कमावत होती, मुलगा पैसे पाठवत होता, पोर शाळेत जायची. त्या घरात आजोबांना कुणी काही विचारायचं असेल, तर एवढंच, "बाबा, या कांड्या कशा आहेत?" तेही गेलं, तर मागे काय राहिलं?

आणि नेमकी तेव्हाच त्यांची जुनी गिरणी बंद पडली. तिच्याच कांड्यांची, आम्ही वापरायचो ती हिरव्या झाडाच्या चित्राची पोती बाजारातून नाहीशी झाली. पोत्याच्या तळाशी मूठभरसुद्धा भुसा निघायचा नाही, आणि आठवड्याची राख एका परातीत मावायची, असं जळण होतं ते. सूनबाई जळण शोधत वणवण फिरायला लागली. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पोती दमट निघाली. कांड्या हातातच चुरल्या. मग कुणीतरी गवताच्या कांड्या गळ्यात मारल्या. त्या जळून माझ्या वाटीत काचेसारखा दगड झाला, सूनबाईनं तो छिन्नीनं फोडला. एकदा तर बिचारी मांजरांच्या सामानाच्या दुकानातून पोतं घेऊन आली. मांजरांच्या घाणीसाठी पसरतात त्या कांड्या! लाकडाच्याच असतात म्हणे. आजोबांनी त्या जिभेवर ठेवल्या आणि म्हणाले, "ठीक आहेत." भिंगरी पोटावर हात दाबून हसली. "आजोबांनी मांजराची शू खाल्ली!" त्या दिवशी घर शेवटचं खळखळून हसलं असेल. कांड्या मात्र खरोखर बऱ्या होत्या, पण दुकानात तेवढंच एक पोतं होतं.

मग बेकरीत तिला पाडकामवाल्याचा पत्ता मिळाला. जुनी घरं पाडायचा तो. त्याच्या अंगणात यंत्र होतं, निघालेल्या लाकडाचा भुसा करून तो कांड्या पाडायचा. पांढरी पोती, वर काहीही छापलेलं नाही. वीस पोती त्यानं स्वतः गाडीतून आणून उतरवली.

आजोबांनी खुंटीवरून कोट काढून घातला होता, जणू काही परीक्षकच. "कुठलं लाकूड?"

"घराचं, काका. एकच घर होतं. सगळं वाळलेलं, साठ वर्षांचं. कुणी राहत नव्हतं त्यात."

"रंगवलेलं नाही ना?"

"तुम्हीच बघा की. तुमच्यापुढे खोटं बोलेन काय? तुम्ही म्हणजे नाक!"

आजोबा सुखावले. कांडी पाण्यात बुडाली. टच्चकन मोडली. त्यांनी ती नाकाशी धरली, जिभेवर ठेवली, आणि डोळे नेहमीपेक्षा बराच वेळ मिटून ठेवले. सूनबाई आशेनं बघत होती. दमली होती ती फार. मला ओरडावंसं वाटत होतं, पण विझलेली शेगडी काय ओरडणार?

"एक नंबर," आजोबा म्हणाले. "मुरलेलं लाकूड आहे. घे, सूनबाई, निर्धास्त घे."

कांडी माझ्या डब्यात पडली. टक, टक. "काय गं म्हातारे, आज मेजवानी!"

पहिल्या घासालाच मला कळलं. रंग होता. हिरवा रंग, त्याखाली जुना पांढरा, त्याखाली रोगण. आणि रंगाच्या आत लाकूड होतं, पण ते झाडाबद्दल एक शब्द बोललं नाही. झाड ते विसरूनच गेलं होतं. ती दारं होती. घराची दारं, चौकटी, खिडक्यांची झडपं. दारांना एकच गोष्ट आठवत होती, त्यांच्यावर पडलेले शेवटचे हात. आतल्या बाजूनं पडलेले.

तिघं होती त्या घरात. बंद घर, गच्च लावलेली दारं, तुंबलेलं धुराडं, आणि माझ्यासारखीच कुणीतरी कोपऱ्यात तापत असलेली. दाराशी पोचेपर्यंत त्यांच्या हातात कडी काढायची ताकद उरली नव्हती, नुसतं वाजवण्यापुरती उरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वाटीतून पहिली टकटक आली. माणसांना ती समोरच्या दारावर झाल्यासारखी ऐकू आली. जड मूठ, सावकाश. धप, धप, धप.

सूनबाई नुकतीच परतली होती आणि डोकं धरून बसली होती. "आता कोण?" म्हणत तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. थंड हवा आत घुसली, पडदे हलले, आणि त्या हवेला ओलांडून काहीतरी बाहेर गेलं. माझा जाळ क्षणभर दाराकडे वाकला.

"बाबा, इकडे या जरा."

पायऱ्यांवर ताजा बर्फ होता. त्यात पावलं उमटली होती, मोठ्या बुटांची. दारापासून फाटकाकडे जाणारी. येणारं एकही पाऊल नव्हतं.

"कुणीतरी उलटं चालत आलं असेल. चेष्टा करतात लोक," आजोबा म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा नव्हता. दार बराच वेळ उघडं राहिलं. थोड्या वेळानं सूनबाई म्हणाली, "डोकं उतरलं बाई एकदम." त्या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नाही.

आता धुराबद्दल सांगते. धुराचा एक सख्खा भाऊ असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराडं मोकळं असलं की तो मुकाट्यानं वर निघून जातो, आणि तुंबलं की घरात येऊन बसतो. रंगाच्या कांड्यांनी माझ्या धुराड्यात चिकट काजळी धरायला सुरुवात केली होती. वाट तुंबली की मला आपोआप बंद करणारी एक कळ आहे माझ्यात, पण तिची बारीक नळी काजळीनं आधीच बुजली. माझ्या काचेच्या दाराभोवतीची, फट बुजवणारी दोरी झिजलेली. तो भाऊ रोज थोडा थोडा घरात उतरत होता. रंगाच्या वासानं सूनबाई एकदोनदा नाक मुरडायची, पण बाबांनी पारखलेल्या जळणाला नावं कोण ठेवणार?

चार दिवसांनी दुसरी टकटक. या वेळी हलकी, बोटाच्या पेराची, मध्ये अंगठी लागल्याचा बारीक आवाज. आजोबांनीच दार उघडलं. पुन्हा कुणी नाही. लहान चपलांची पावलं, फाटकापर्यंत गेलेली. आजोबा उंबऱ्यावर कितीतरी वेळ उभे होते. माणूस घाबरला की दार लावतो, तेच त्यांनी केलं. उंबऱ्याखालच्या फटीत जाड लोकरी नमद्याची पट्टी ठोकली, खिडकीच्या फटी बुजवल्या, आणि भिंगरीचा हात पोचणार नाही अशी दाराच्या वरच्या बाजूला नवी कडी बसवली.

"काहीही वाजलं तरी उघडायचं नाही," त्यांनी नातीला बजावलं. "माझ्या गळ्याची शपथ."

"पण आजोबा, कुणाचं काम असलं तर?"

"नाही म्हटलं ना!"

त्याच संध्याकाळी भिंतीवरची धोक्याची पेटी बोलली. त्या अदृश्य भावाचा सुगावा फक्त तिलाच लागतो. पीं, पीं, पीं. सूनबाई शेजारी गेली होती. आजोबा माझ्याजवळ आले, वाकून नाक लावलं. काही आलं नाही. काही येणारच नव्हतं! पण चाळीस वर्षांचा तोरा असा जातो थोडाच? "धूर असता तर मला कळला नसता होय?" ते त्या पेटीला म्हणाले आणि स्टुलावर चढून तिचे सेल काढून खिशात टाकले. मी त्यांच्यावर एवढी कधीच रागावले नव्हते.

माझ्या हातात जे होतं ते मी केलं. काच काळी करून दाखवली. जाळ पिवळा आणि आळशी करून दाखवला. स्क्रू अडवून पाहिला. पण आजोबा कामाचे पक्के. ओल्या कागदानं काच पुसायचे, वाटी खरवडायचे, मला थोपटायचे, "चल म्हातारे, कुरकुर नको, पोरीला थंडी लागेल." मी बंद पडले असते तर पोरीचा कफ, आणि चालू राहिले तर हे. इकडे आड, तिकडे विहीर अशी माझी गत.

तो दिवस वादळाचा होता. सकाळपासून बर्फ पडत होता, शाळा बंद. दुपारी सूनबाई परतली, भिजलेला कोट खुंटीला लावला, "डोकं ठणकतंय हो बाबा, पडते जरा," म्हणून आत गेली. आजोबा माझ्यासमोर खुर्चीत. भिंगरी खाली सतरंजीवर चित्र काढत होती. तिच्या हातातून रंगाचा खडू घरंगळला, तो तिनं उचलला नाही. आजोबांची मान छातीवर आली.

आणि माझ्या वाटीत ती कांडी पडली.

तिसरी टकटक खूप खालून आली. माणूस गुडघ्यात वाकला तर जिथे हात पोचेल तिथून. तळहाताची होती, सपाट, लहान. पट, पट, पट.

आजोबांनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. "उघडायचं नाही," ते जड जिभेनं म्हणाले.

पट, पट.

"आजोबा," सतरंजीवरून बारीक आवाज आला, "लहान आहे कुणीतरी. बाहेर गारठेल ना."

"बाहेर कुणी नाही."

कांडी जळून संपली की टकटक थांबायची. नेहमीच थांबायची. ही थांबली तर घरात जागं करणारं काहीच उरणार नव्हतं. आणि ही जळत ठेवावी, तर प्रत्येक क्षणाला तो भाऊ आणखी दाट होणार. काय करू? सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? मी ठरवलं. मी ती कांडी पटकन जळू दिली नाही. निखारा करून धरून ठेवली, दातांत धरावी तशी. पट. पट. पट.

भिंगरी रांगत आजोबांच्या पायाशी आली आणि तिथेच कलंडली. "आजोबा, तो वास बंद करा ना. मळमळतं मला."

आजोबांचे डोळे उघडले. "कसला वास?"

"रंग जळल्याचा. रोज येतो."

"रोज? मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही म्हणालात ना, एक नंबर आहे. तुम्हाला तर सगळं कळतं."

आजोबांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी विसरू शकत नाही. उठायला गेले आणि गुडघ्यावर पडले. पायांत शिसं ओतल्यासारखं झालं होतं. तसेच सरपटत दाराकडे निघाले. दाराशी पोचून हात वर केला, तर कडी हातभर उंच. त्यांनीच ठोकलेली. पट, पट, अगदी त्यांच्या छातीच्या उंचीवर, दाराच्या त्याच ठिकाणी, आणि एवढ्या जवळून त्यांना कळलं. मला दिसलं त्यांना कळताना. दार बाहेरून वाजत नव्हतं.

"थांब गं बाळा," ते दाराला म्हणाले. "थांब. उघडतो. उघडतो मी."

कोट लावायच्या खुंट्यांना धरून ते उभे राहिले. एक खुंटी निखळली, दुसरी टिकली. कडी सरकली.

वादळ आत आलं. कागद उडाले, दिवा हलला, माझा जाळ आडवा झाला आणि ती कांडी माझ्या दातांतून सुटली. बर्फाळ वाऱ्यानं भिंगरी खोकली, मग रडली. आतून सूनबाई भिंत धरत धडपडत बाहेर आली. "काय झालं? दार का उघडं?" आजोबांनी तिचा हात धरून तिला उंबऱ्यावर ओढलं, पोरीला पोटाशी घेतलं, आणि तिघं पायऱ्यांवर बर्फात बसली.

"मला वास येत नाही, सूनबाई," ते म्हणाले. "त्या तापापासून. चवही नाही. मी खोटं बोललो. तुमचा जीव घेतला असता मी." सत्तरीचा माणूस लहान मुलासारखा रडत होता. सूनबाईनं आधी पोरीचा श्वास तपासला, मग बऱ्याच वेळानं आपली शाल त्यांच्याही खांद्यावर ओढली.

अंगणातल्या बर्फात लहान अनवाणी पावलं उमटली होती, धावत गेल्यासारखी. फाटकापाशी बर्फ तुडवलेला होता, दोन मोठी माणसं तिथे दिवसेंदिवस वाट बघत उभी असावीत तसा. तिथून पुढे काही नव्हतं.

धुराडं साफ करणारा आला, त्यानं बादलीभर काजळी काढली आणि कपाळाला हात लावला. उरलेली पोती पाडकामवाल्याच्या दारात परत टाकली. नवं जळण मिळालं, दूरच्या गिरणीचं, पिशवीवर सगळं छापलेलं. आणि परीक्षेची रीत बदलली. कांडी आजोबा मोडायचे, वास भिंगरी घ्यायची. "झाड आहे," ती म्हणायची, नाहीतर, "आजोबा, हिला कसलातरी वास आहे, नको." तिचं नाक तिखट निघालं. आजोबा तिच्याकडे बघून मान डोलवायचे. तरी शेवटी एक कांडी जिभेवर ठेवायचेच, आणि माझ्या डब्यात टाकायचे. ते काही सुटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, एका साध्या सकाळी, त्यांनी डबा भरला, दोनदा टकटक केली, कांडी चाखून आत टाकली, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. ती कांडी ओली होती. फुगली, आणि स्क्रूच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मुलगा बोटीवरून कायमचा परतला, त्यानं घरात विजेचे हीटर बसवले. मला इथे आणून सोडलं. भिंगरी ताडपत्रीच्या टोकापर्यंत सोबत आली होती, तिनं माझ्या झाकणावर दोनदा वाजवलं आणि पळाली.

खरं सांगते, स्क्रू जोरात फिरवून ती कांडी मला केव्हाच वाटीत ढकलता आली असती. मी नाही ढकलली. तिच्यावर शेवटचा हात आजोबांचा, आणि मला त्यांना सोडायचं नव्हतं. पण या अंधारात कधी कधी ती कोपऱ्यातून हळूच वाजते, आणि मला त्या लहान तळहाताची आठवण येते. आत अडकलेल्याला बाहेर जायचं असतं. तुमच्या घरी मी तेवढं करीन. मला एकटीला धीर होत नाही.

तेव्हा न्यायचं असेल तर एवढं ऐका. धुराडं साफ ठेवा. जळण डोळे उघडे ठेवून घ्या, आणि वास येत असेल तर कुणाच्याही मोठेपणाला न भिता बोला. आणि पहिल्याच दिवशी, केव्हातरी, तुमच्या दारावर बोटांच्या पेरांची दोनदा टकटक होईल. टक, टक. बाहेर कुणी नसेल. घाबरू नका. उठा, दार उघडा, आणि जरा बाजूला उभे राहा. म्हातारं माणूस आहे, सावकाश चालतं.